पाणबुड्याचा रबरी कंबरपट्टा

आमच्याकडे विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा अथवा रिकामा बंद डबा बांधण्याची चाल फार जुनी आहे. मुलाचा भार पाण्यानें पेलावा व त्यास खालीं जाऊं देऊं नये, हा तींतील हेतु. प्रस्तुत लेखांत ज्या वस्तूचा विचार करावयाचा आहे तिचा हेतु याच्या अगदीं उलट आहे. पाण्याखालीं जाऊं इच्छिणारा मनुष्य कमरेला शिशाचीं वजनें बांधतो, कारण समुद्र त्यास सहजासहजीं आंत घेत नाहीं. हीं वजनें ज्या पट्ट्यांत ओंवलेलीं असतात तो पट्टा रबराचा कां असावा, आणि बेताच्या पैशांत तो कसा मिळवावा, हे प्रश्न वरवर पाहतां दुकानदारीचे वाटतील. परंतु पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकविलेले दोन मोठे नियम आणि एका मनुष्याचा जीव, इतकें सर्व त्या पट्ट्यावर अवलंबून असतें. म्हणून वार्षिकाचीं चार पानें त्याकडे लावण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

वजन घेऊन पाण्यांत उतरण्याची युक्ति पट्ट्याहून कितीतरी जुनी आहे. भारत व श्रीलंका यांच्यामधील मनारच्या आखातांत मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दोरीला बांधलेल्या धोंड्यावर पाय देऊन तळाशीं जात. तळ गांठतांच ते धोंडा सोडीत, नावेंतील सोबती तो वर ओढून घेई, आणि शिंपल्यांची टोपली भरली म्हणजे पाणबुड्यासही वर घेई. जपानांतील 'आमा' या नांवाच्या स्त्रियांत होडीवरून बुडी मारणाऱ्यांची रीत अशीच. वजन हातीं घेऊन खालीं जावयाचें, आणि वर येतांना होडींतील माणसानें, बहुधा पतीनेंच, दोरी ओढावयाची. ग्रीस देशांतील स्पंज काढणारे लोक संगमरवराची चपटी शिळा हातीं धरून उतरत. इ. स. १९१३ मध्यें कार्पाथोस बेटापाशीं 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर स्तातिस हात्सिस नांवाच्या अशाच एका ग्रीक पाणबुड्यानें शोधून काढला. त्या वेळीं तो सत्तर मीटरांहून अधिक खोल गेला होता, आणि तेंही कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावांचून, केवळ एका श्वासावर.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. धोंडा हातांत अथवा पायाखालीं होता. अंगाला बांधलेला नव्हता. काम झालें कीं तो सुटत असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत मात्र स्थिति पालटूं लागली. भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावर भाल्यानें मासे मारणारे हौशी लोक वाढले, इ. स. १९४३ मध्यें कूस्तो व गाञां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं दाबाखालीं भरलेली हवा मागणीप्रमाणें पुरविणारें श्वसनयंत्र सिद्ध केलें, आणि इ. स. १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेंतील ह्यू ब्रॅडनर या पदार्थविज्ञानवेत्त्यानें बुडबुडे कोंडलेल्या कृत्रिम रबराचा, अंगासरशी बसणारा पोषाख तयार केला. यासच आज वेटसूट म्हणतात. त्यामुळें थंडी टळली. परंतु त्या असंख्य बुडबुड्यांमुळें पोषाख बुचासारखा तरंगूं लागला, आणि पाणबुड्यास पूर्वीपेक्षां अधिक शिसें अंगावर बाळगावें लागलें. तेंही बुडी मारल्यापासून वर येईपर्यंत सारखें.

आतां नियमांकडे वळूं. आर्किमिडीज स्नानगृहांतून धांवत सुटला, ही गोष्ट आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. तो कशासाठीं धांवला हें विचारलें असतां मात्र वर्गांत शांतता पसरते. द्रवांत बुडालेल्या पदार्थानें जेवढा द्रव बाजूस सारला असेल, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतकी उचल त्या पदार्थास मिळते, हा त्याचा सिद्धांत. समुद्राच्या एक लिटर पाण्याचें वजन सुमारें १ किलो २५ ग्रॅम भरतें. यावरून कोणत्या पदार्थाचें वजन करणें लाभाचें आहे, तें सहज काढतां येतें. एक किलो शिसें सुमारें ८८ घन सेंटिमीटर जागा व्यापतें. म्हणून समुद्रांत त्याचें वजन सुमारें ९१० ग्रॅम उरतें. एक किलो लोखंडाचें सुमारें ८७० ग्रॅम उरतें. सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा एक किलोचा तुकडा घेतला तर अवघें ६५० ग्रॅमच्या आसपास. शिवाय त्याचा आकार शिशाच्या जवळजवळ चौपट. दगड फुकट मिळतो हें खरें, पण चौपट आकाराचें लोढणें कमरेला बांधून मासळीसारखें वळतां येत नाहीं. प्रयोगशाळेंतील तणाव्याचा कांटा व पाण्याची बादली घेऊन कोणाही विद्यार्थ्यास हा पडताळा पाहतां येईल. गोड्या पाण्यांत आंकडे किंचित् निराळे येतील, इतकेंच.

दुसरा नियम बॉइलचा. तपमान तेंच असतां दाब दुप्पट केला कीं वायूचें आकारमान निम्मे होतें. समुद्रांत दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरांवर दोन, वीस मीटरांवर तीन. एक उदाहरण सोडवून पाहूं. समजा, एका सडपातळ मनुष्याचें वजन ६० किलो आहे. छाती भरून श्वास घेतल्यावर त्याच्या फुप्फुसांत ६ लिटर हवा मावते, आणि हवा धरून त्याच्या शरीराचें एकूण आकारमान ६२ लिटर होतें. त्यास मिळणारी उचल ६३.५५ किलो, म्हणजे तो साडेतीन किलोंच्या भारानें वर ढकलला जाईल. दहा मीटरांवर फुप्फुसांतील हवा ३ लिटर झाली. आकारमान ५९ लिटर, उचल ६०.४८ किलो; वरचा रेटा जेमतेम अर्धा किलो उरला. वीस मीटरांवर हवा २ लिटर, उचल ५९.४५ किलो, आतां तोच मनुष्य अर्ध्या किलोनें जड झाला व आपोआप बुडूं लागला. सुमारें साडेतेरा मीटरांवर तो ना तरंगत होता, ना बुडत होता. पाण्याच्या वरच्या थरांत समुद्र मनुष्यास बाहेर लोटतो आणि त्या रेषेखालीं तोच त्यास आंत ओढतो, हें सत्य ज्यानें गणितानें जाणलें तो कमरेला शिसें बांधतांना दहादां विचार करील.

याच मनुष्यानें पोषाख चढविला, व त्या पोषाखाची उचल पृष्ठभागावर तीन किलो आहे असें धरूं. दहा मीटरांवर तीही दबून दीड किलोच्या थोडी वर राहील. त्या खोलीवर समतोल साधावयाचा तर पाण्यांत सुमारें २.१ किलो भरेल इतकें, म्हणजे सुमारें २.३ किलो शिसें पुरे. आतां ताळा पाहूं. पृष्ठभागावर येऊन त्यानें सहज उच्छ्वास सोडला व फुप्फुसांत तीनच लिटर हवा राहिली, तरी सव्वा किलोच्या वर उचल शिल्लक उरते. तो तरंगत राहील. ही शिल्लक अत्यंत महत्त्वाची आहे. एका श्वासावर बुडी मारणाऱ्याची शुद्ध बहुधा तळाशीं हरपत नाहीं, तर वर येतांना, शेवटच्या कांहीं मीटरांत अथवा पृष्ठभागावर पोहोंचल्यावर हरपते. कारण दाब उतरतांना फुप्फुसांतील उरल्यासुरल्या प्राणवायूचा दाबही त्याच प्रमाणांत उतरतो, आणि दहा मीटरांपासून पृष्ठभागापर्यंत तो निम्मा होतो. त्या क्षणीं शरीर तरंगतें राहिलें तर सोबती त्याचें तोंड पाण्याबाहेर धरूं शकतो. लवकर तळ गांठण्याच्या हव्यासानें ज्यानें चार किलो शिसें अधिक बांधलें, तो त्या क्षणीं पुन्हां खालीं जातो.

मग पट्टा नायलॉनचा असून कां चालूं नये? नायलॉनचा पट्टा स्वस्त, बळकट व कोठेंही मिळणारा आहे. यंत्रानें श्वास घेणाऱ्या पुष्कळ पाणबुड्यांचें त्यावर उत्तम भागतें. पण त्यांत ताण नाहीं. किनाऱ्यावर तो घट्ट आवळला तरी खालीं जातां जातां कंबर बारीक होत जाते. पोषाखाची जाडी तीन मिलिमीटरांवरून दीडवर आली, तर त्रिज्या दीड मिलिमीटरनें व परीघ सुमारें साडेनऊ मिलिमीटरनें घटतो. भूमितीचा हा लाभ आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. शिवाय फुप्फुसें दबतात तसा श्वासपटल वर सरकतो आणि पोट आंत ओढलें जातें. तेथें कित्येक सेंटिमीटरांचा फरक पडतो. सैल झालेला पट्टा फिरतो, बक्कल पाठीमागें जातें, आणि डोकें खालीं करून बुडी मारणाऱ्याच्या छातीवर तो घसरून येतो. ज्या बकलाकडे हात क्षणांत गेला पाहिजे तें शोधावें लागणें, यापरतें संकट नाहीं. रबरी पट्टा प्रथमच थोडा ताणून बांधतात. कंबर आंत गेली कीं तोही तिच्याबरोबर आखडतो. तो कमरेऐवजीं खालीं, कुल्ल्यांच्या हाडांवर बसवितां येतो; त्यामुळें पोटानें श्वास घेण्यास अडथळा होत नाहीं. रबराच्या घट्ट पकडीमुळें वजनेंही आपापल्या जागीं राहतात.

अशा पट्ट्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध प्रकार फ्रान्सच्या मार्सेय बंदराच्या नांवानें ओळखला जातो. त्याची रचना आपल्या विजारीच्या पट्ट्यासारखीच. एका टोंकास बक्कल व त्याचा कांटा, दुसऱ्या टोंकास छिद्रें. युक्ति आहे ती सोडण्यांत. मोकळें टोंक धरून एक हिसका दिला कीं रबर ताणलें जातें, कांटा छिद्रांतून निसटतो, आणि पट्टा वजनांसह खालीं पडतो. यासाठीं मोकळें टोंक वीतभर तरी सुटें असावें, तें खोंचून ठेवूं नये, व पट्ट्यावरून दुसरा कोणताही बंद जाऊं देऊं नये. बक्कल उजव्या हातानें उघडतां यावें असा पाणबुड्यांत सामान्य रिवाज आहे. तो पाळला म्हणजे गढूळ पाण्यांतही सोबत्यास दिशा चुकत नाहीं.

येथें स्वस्ताईचा प्रश्न खरा उभा राहतो, आणि तो केवळ खिशाचा नाहीं. पाण्यांत मृत्यु आलेल्या पुष्कळ पाणबुड्यांच्या कमरेला पट्टा जसाच्या तसा बांधलेला आढळतो, असें अपघातांच्या तपासांत वारंवार दिसून आलें आहे. हिसका देण्यास एक क्षण पुरतो, तरी तो दिला जात नाहीं. घाबरलेल्या मनास सुचत नाहीं, हें एक कारण खरेंच. पण मोलाची वस्तु समुद्रांत टाकावयाची कशी, ही रुखरुखही हात आंखडावयास लावीत असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. मराठींत गळ्यांत धोंडा बांधणें असा वाक्प्रचार आहे. कमरेच्या पट्ट्यांत आणि गळ्यांतील धोंड्यांत अंतर आहे तें एका बकलाचें, आणि तें बक्कल न कचरतां उघडण्याच्या तयारीचें. म्हणून पट्टा असा असावा, कीं तो गेला तरी दुसऱ्या दिवशीं दुसरा घेतां यावा. ज्याच्या पट्ट्यास दोन महिन्यांची बचत लागली, तो तितका निर्धास्त राहील काय?

खर्च कोठें वाचवावा व कोठें वाचवूं नये, तें आतां पाहूं. प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं पट्टा आणि शिसें या दोन निरनिराळ्या खरेदी आहेत. रबरी पट्टा शिशाच्या मानानें हलका असतो; तो दूरच्या दुकानांतून मागविला तरी हांशील फारसें पडत नाहीं. पांच किलो शिसें टपालानें मागविणें मात्र शुद्ध उधळेपणा होय. तें किनाऱ्यावरच शोधावें. मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत जाळ्यांना लावावयाचीं शिशाचीं वजनें असतात, तथापि त्यांस पट्ट्याचें खोबण नसतें. म्हणून पाणबुड्यांसाठींच ओतलेलीं, सुमारें पांच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत बसणारीं वजनें कोणा जुन्या पाणबुड्याकडून विकत घेणें सर्वांत सोईचें. शिसें जुनें होत नाहीं. रबर मात्र जुनें होतें. ऊन, तेल आणि हवेंतील ओझोन यांच्या योगानें तें कडक होऊन चिरफळतें. आणि ताणून ठेवलेलें रबर तर लवकरच. यास्तव शिसें हातबदलीचें घ्यावें, रबर नवें घ्यावें, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. चारपांच जणांनीं मिळून पट्टे एकदम मागविले तर वाहतुकीचा खर्चही वांटला जातो.

दुसरें, निर्मात्याच्या नांवासाठीं पैसा मोजूं नये. पट्ट्याचा मुख्य भाग म्हणजे सुमारें पांच सेंटिमीटर रुंद व तीनचार मिलिमीटर जाड अशी साधी रबरी पट्टी. तिच्यावर कोणती मुद्रा उमटविली आहे याची समुद्र चौकशी करीत नाहीं. सिलिकोनचे पट्टे उन्हास व ओझोनास अधिक दाद देत नाहींत, पण किंमतही चढी असते. नैसर्गिक रबराचा पट्टा नीट जपला तर साध्या उपयोगास पुरून उरतो. दुकानांत तो दुमडून पाहावा; दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर परत करावा. हातभर ताणून सोडावा. पूर्ववत् न आला तर तोही नको. छिद्रें गुळगुळीत व गोल असावींत. चीर पाडून केलेलें छिद्र त्याच्या टोंकाशीं फाटत जातें, कारण सर्व ताण त्या अणकुचीदार टोंकावर एकवटतो.

घरीं पट्टा करतां येईल काय? पट्टी करतां येईल. बक्कल मात्र चांगलेंच घ्यावें. मुंबईच्या नागदेवी रस्त्यासारख्या कारखान्यांच्या सामानाच्या बाजारांत रबरी चादर मिळते. आंत कापडाचे थर आहेत काय, हा पहिला प्रश्न विचारावा. असल्यास ती ताणली जाणार नाहीं, व आपला हेतु साधणार नाहीं. मालमोटारीच्या जुन्या ट्यूबमधून पट्टी कापून कित्येक हौशी लोक काम भागवितात. परंतु ट्यूब बहुधा ब्यूटिल रबराची असते. हें रबर हवा कोंडण्यास उत्तम, पण ताणलें असतां सावकाश आखडणारें. शिवाय पातळ पट्टी शिशाच्या भारानें वळून दोरीसारखी होते व पोटांत रुतते. आम्ही तिची शिफारस करणार नाहीं. चादरीचा नमुना घेऊन एक हाताची पट्टी दीडपट ताणून रात्रभर खिळ्यांवर अडकवावी, आणि सकाळीं सोडून मोजावी. मूळ लांबीपेक्षां ती किती वाढली हें पाहिलें म्हणजे दुकानदाराच्या शपथेची गरज राहत नाहीं. छिद्रें चांभारी सामानांतील पोकळ पंचानें पाडावींत.

बक्कल गंज न धरणाऱ्या पोलादाचें असावें. कल्हई अथवा मुलामा दिलेलें लोखंडी बक्कल पहिल्या दिवशीं तितकेंच चकाकतें, हीच त्यांतील फसवणूक. एका मोसमांत त्याचा कांटा गंजून खरबरीत होतो व छिद्रांत अडकूं लागतो. पट्टींत चार पैसे वाचले तर वाचवावेत. बकलांत एकही वाचवूं नये.

शिसें वितळवून घरीं वजनें ओतण्याचा मोह होणें साहजिक आहे, कारण तें ३२७ अंशांवरच वितळतें आणि स्वयंपाकघरांतील शेगडीही त्यास पुरते. तथापि ओल्या सांच्यांत तापलेलें शिसें पडतांच पाण्याची वाफ होऊन तें अंगावर उसळतें. आणि शिशाची वाफ व धूळ शरीरांत जाऊन सांचते, लहान मुलांच्या मेंदूस तर ती विशेष घातक. हें काम घरांत करूं नये. उघडें शिसें हाताळल्यावर हात धुतल्यावांचून कांहीं खाऊं नये. प्लास्टिकाचा लेप दिलेलीं वजनें थोडीं महाग पडतात, पण येथें तो खर्च योग्य आहे.

आमच्या शाळेंतील कित्येक मुलें कोंकणांतील आहेत, व मालवणचा समुद्र त्यांच्या परिचयाचा आहे. जवळच तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें स्कूबा शिकविणारी संस्था उभारली. त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्गच्या बाजूस रबराची लागवडही होते. म्हणजे झाडाचा चीक व समुद्राची खोली, दोन्ही एकाच जिल्ह्यांत. तेव्हां कोणाच्या मनांत पट्टा बांधण्याचें आलें तर त्यांत नवल नाहीं. त्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं शिकविणारा बरोबर असल्यावांचून, आणि शेजारीं डोळा ठेवणारा सोबती असल्यावांचून, कमरेला अर्धा किलो शिसेंही बांधूं नये. मग तो समुद्र असो कीं गांवची विहीर. सुतळीनें अथवा गांठ मारून वजन बांधणें तर सर्वस्वीं वर्ज्य. बुडी मारण्यापूर्वीं उथळ पाण्यांत उभें राहून डोळे मिटावेत व पट्टा एका हातानें सोडून पाहावा. प्रथम स्वतःचा, मग सोबत्याचा. ही तालीम दर दिवशीं करावी. तीस खर्च कांहींच नाहीं.

वजनें बसवितांना एक मोठें न घेतां लहान लहान घ्यावींत, दोन्ही बाजूंस सारखीं वांटावींत, आणि पाठीच्या कण्यावर एकही येऊं देऊं नये. घरीं परतल्यावर वजनें काढून पट्टा गोड्या पाण्यानें धुवावा व सावलींत वाळवावा. ओल्या खाऱ्या पट्ट्यास उन्हांत दांडीवर टाकणें म्हणजे त्याचें आयुष्य निम्मे करणें होय. पूर्ण वाळल्यावर शंखजिऱ्याची भुकटी चोळून तो सैल गुंडाळी करून ठेवावा. ताणलेला अथवा दुमडलेला ठेवूं नये. पावसाळ्याचे चार महिने तो पेटींत पडून राहील. नव्या मोसमांत बाहेर काढतांच प्रथम छिद्रांच्या कडा व बकलाचा कांटा उजेडांत धरून पाहावा. कांट्याच्या मुळाशीं मिठाचा पांढरा थर सांचलेला असतो, तो जुन्या दांतघासणीनें निघतो.